न पेरलेली बिजवाई

मांडवगण फराटा,
ता. ५ नोव्हेंबर १९६७

मेहरुनआपा,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं अक्षर बघून तू पत्र न उघडताच चुलीत घातलं असतंस, म्हणून पत्ता पोस्टातल्या बाबूंकडून लिहून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल. तू माझी थोरली बहीण आहेस, तुझा राग मला चांगला पाठ आहे.

पाच वर्षं उलटून गेली. कशी आहेस असं विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस. कामाचंच लिहिते. पहिल्या बाळंतपणानंतर तू सासरी निघालीस तेव्हा अम्मानं तिच्या माहेरच्या रीतीप्रमाणं तुझ्या हातात बाजरीच्या बिजवाईचं गाडगं दिलं होतं. आत राख आणि कडुलिंबाचा पाला, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. ती बाजरी तू यवतला पेरत असशील तर त्यातली थोडी मला पाठव. पाटीभर नको, ओंजळभर पुरे. आपल्या घरात तिचा दाणासुद्धा उरलेला नाही.

तुला हसू येईल. मृगाच्या आधी सगळं गाव पाट्या घेऊन जिच्या दारात उभं राहायचं, त्या अमीरबीच्या, आपल्या अम्माच्या घरात बी नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कसं झालं ते सांगते. मागच्या साली शेतकीच्या साहेबांनी आपल्या मेहमूदभाईला हायब्रेट बाजरीचं बी दिलं. पीक असं आलं की माणसं वाट वाकडी करून बघायला यायची. सगळी ताटं एका उंचीची, सगळी कणसं एका मापाची. अम्माच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, तिला ऊन-सावलीपलीकडं फारसं कळत नाही. तिनं कणसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "येका बाईची लेकरं बी इतकी सारखी नसत्यात गं." पण खळ्यावरची रास चाचपली तेव्हा तीही खूश झाली. भाईनं जुनी बिजवाई होती ती जात्यात आणि कोंबड्यांपुढं घातली. म्हणाला, आता हिचं काय काम.

साहेब बजावून गेले होते, या बाजरीचं बी घरी धरायचं नाही, दर साली नवीन आणायचं. ते गेल्यावर भाई हसला. "अमीरबीच्या घरात बी इकत आणायचं व्हय?" अम्माही हसली. त्या बोलण्यानं ती सुखावली होती, मी तिचं तोंड पाहिलं होतं.

मग तिनं नेहमीसारखं बी काढलं. ती उभ्या पिकात शिरायची आणि आपण दोघी मागं टोपली घेऊन, आठवतं का? बांधाकडचं कणीस, खोलगटातलं, मधलं. उंच ताटाचं घ्यायची, बुटक्याचंही घ्यायची. लवकर पिकलेलं, रेंगाळलेलं, आणि ज्याला चिमण्या तोंड लावत नाहीत ते कुसळांचं. सगळ्यात मोठी तेवढीच घेऊ की, असं मी एकदा म्हणाले तर तू चिमटा काढलास आणि अम्मा म्हणाली, "नुसत्या पैलवानांवर गाव चालत न्हाई. येखादं साल तहान सोसणाऱ्याचं असतंय." हायब्रेटात तिच्या हाताला निवडायला काही सापडलंच नाही. तिनं भरघोस कणसं काढली, बी केलं, आणि जो जो दारात आला त्याला देऊन टाकलं.

यंदा शिवार बघवत नव्हतं. पाभरीच्या एकाच ओळीत एक ताट डोक्याच्या वर आणि शेजारचं गुडघ्याएवढं. कुठं कणीस रिकामं. कुठं कणसाच्या जागी नुसता पाला, गोसाव्याच्या जटांसारखा. त्या रोगाला गोसावीच म्हणतात. आपल्याच शेतात असतं तर गिळलं असतं. पण अम्मानं ज्याला बी दिलं त्याच्या त्याच्या शेतात हेच.

भांडायला कुणी आलं नाही. तात्याबा बांधावर भेटले, म्हणाले, "पाऊसपाणीच वंगाळ झालं. अमीरबीला काय बोलू नगा." पण ज्यानं अम्माचं बी नेलं त्यानं नव्या पिठाची पहिली भाकरी तिला आणून द्यायची, ही रीत तुला ठाऊक आहे. यंदा एकही भाकरी आली नाही. शेवंताबाई तर आपल्या दारावरून जायचं सोडून मागच्या बोळानं पाण्याला जाते. अम्मा दाराकडं तोंड करून बसते. पावलं वाजली की पदर सारखा करते.

म्हणून मागते आहे. पुढच्या मृगाला तिनं तिच्या हातानं तिचं बी कुणाला तरी द्यावं, एवढंच मला हवंय. मग तिचं काय व्हायचं ते होवो.

हमीदा

ता. १९ डिसेंबर १९६७

आपा,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही असं धरूनच चालले होते, असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे. मी रोज वाट पाहिली.

गेल्या आठवड्यात पहाटे जमीन हलली. फडताळावरची भांडी खाली आली. अम्मा अंथरुणात उठून बसली आणि तिच्या तोंडून पहिले शब्द आले ते "मेहरुनचं घर". तुझं नाव तिनं इतक्या वर्षांत मोठ्यानं घेतलं नव्हतं.  कोयनेकडं फार माणसं गेली म्हणतात. आपला हौशीराम वांगी घेऊन यवतच्या बाजाराला येतो, त्यानं सांगितलं की तुझ्या घरधन्याचं, महबूबभाईंचं सायकलचं दुकान उघडं होतं. ते मी अम्माला ऐकू जाईल असं भाईला सांगितलं. त्या दिवशी ती जेवली.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. पीक उभं होतं तेव्हा शेतकीचे साहेब बघायला आले होते. भला माणूस. आम्ही ऐकलं नाही म्हणून रागावले नाहीत. एक बुटकं ताट उपटून बांधावर बसले आणि मला समजावलं. म्हणाले, "हमीदाबी, ही बाजरी म्हणजे दोन निराळ्या घराण्यांचं लेकरू. पहिल्या पिढीत सगळी सारखी दिसतात. त्यांचं बी पेरलं की आजा, आजी, पणजी, सगळे पुन्हा बाहेर येतात, कुणात कोण ते सांगता येत नाही. आता हे बुटकेपण. एकाच बाजूनं आलं तर ते आत दडून राहतं, दिसत नाही. दोन्हीकडून आलं की उघडं पडतं."

मी विचारलं, "मग उंच ताटाच्या पोटात पण बुटकं असतं?"

"असू शकतं. वरून बघून कळत नाही."

ते निघून गेले आणि मी तिथंच बसून राहिले. समोर बाजरी होती, पण मला तुझी रशिदा दिसत होती.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. बोलायला तू थांबलीसच कुठं. रशिदा नुकती बसायला लागली होती. दारावरचा कुत्रा भुंकला तरी दचकत नाही, असं तूच काळजीनं म्हणालीस. अम्मानं तिच्या पाठीमागं पितळी ताट वाजवलं. पोर आपल्या पायाच्या बोटांशी खेळत राहिली. बायका बसलेल्या, महबूबभाई दारात जोडे काढतायत, आणि अम्मा म्हणाली, "आमच्यात असं कुणी झालं न्हाई. हे तिकडचं. बियातच खोट हाय." बी पारखणारी बाई ती. तिनं म्हटलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. महबूबभाईंनी काढलेले जोडे पुन्हा पायात घातले. तू लेक उचललीस आणि पाणीसुद्धा न पिता निघालीस. मी फाटकापर्यंत मागं आले, तू वळून बघितलं नाहीस.

दोन्हीकडून आलं तरच उघडं पडतं, असं साहेब म्हणाले. ते बाजरीचं बोलत होते. माणसाचंही तसंच असतं का, हे मला माहीत नाही, मी चौथी शिकलेली बाई. पण असलं तर आपल्याकडून काय गेलं? अम्माला विचारायची छाती होत नाही. भाईला विचारलं तर म्हणाला, "तुला काय काम न्हाई व्हय?"

या शंकेनं तुझा राग वाढणार असेल तर पत्र फाडून टाक. पण बी पाठव.

हमीदा

ता. १० मार्च १९६८

आपा,

गाडगं पोचलं.

हौशीरामनं ते ओट्यावर ठेवलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी विचारलं, ती काय म्हणाली? तर म्हणाला, "काय न्हाई. आतून आणलं आन् माझ्या हातात दिलं. पोरगी दाराशी हुभी व्हती. मी बोलत व्हतो तवर माझ्या तोंडाकडं बघत व्हती." तेवढ्यासाठीच मी त्याला दोनदा चहा पाजला, की तो तेच पुन्हा सांगेल.

गाडगं अम्माच्या मांडीवर ठेवलं. तिनं तोंडावरून बोटं फिरवली. लिंपण जसंच्या तसं. लिंपून झालं की ती कडेला अंगठा दाबते, तो ठसाही तसाच होता. तिनं आपला अंगठा त्यात बसवून पाहिला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, "पेरलंच न्हाई तिनं."

तू ते फेकून द्यायला हवं होतंस, किंवा दळून खायला. तू ते ठेवलंस. पेरलं नाहीस आणि टाकलंही नाहीस. हे वाचताना तू मान फिरवशील, पण मला ते कळलं आणि अम्मालाही कळलं.

इतक्या जुन्या बियाचा भरवसा नव्हता. अम्मानं मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधायला लावले, उगवण बघायला. फडकं ओलं करता करता मी विचारून टाकलं, आपल्यात कुणी ऐकू न येणारं होतं का. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. तिनं ना नाही म्हटलं ना हो. म्हणाली, "माझा येक भाऊ व्हता. इनुस."

अम्माला भाऊ होता हे मी पहिल्यांदा ऐकलं. तूही पहिल्यांदाच वाचते आहेस.

"त्येला ऐकू यायचं न्हाई. बोलता यायचं न्हाई. पण लई हुशार. हातानं समदं सांगायचा. मीच त्येला कडेवर वागवला, म्हून त्येचं बोलणं मला कळायचं, मग घरात समद्यांस्नी यायला लागलं. येका साली नदीला लोंढा आला. काठावरनं सारा गाव वरडत व्हता. त्येची पाठ व्हती."  नंतर त्यांच्या बापानं घरात त्याचं नाव घ्यायची बंदी केली. नाव निघालं तर लेकींची लग्नं अडतील, म्हणून. अम्मानं ती बंदी सासरी आणली आणि आयुष्यभर पाळली.

मी म्हटलं, "मग रशिदाला बघून तसं का बोललीस?"

"तुझी सोयरिक ठरत व्हती. शिरूरची बाई समोर बसलेली. येकीच्या घराला तर आग लागलीच हाय, दुसरीचं तरी वाचू दे, असं वाटलं."

मला रडू आलं नाही, संताप आला. माझी सोयरिक! मूल होत नाही म्हणून शिरूरच्यांनी दुसरी करून आणली आणि मला इथं आणून सोडलं. त्या संसारासाठी तुला आणि महबूबभाईंना चारचौघींत जाळलं. त्यानंतर दोन दिवस मी अम्माशी बोलले नाही. तिला जेवायला वाढायची आणि उठून जायची.

शेवटी तीच बोलली, पण तोंडानं नाही. मी ताट ठेवलं तर तिनं एका हाताची मूठ उभी धरली आणि दुसऱ्या अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत चोळली. कणीस चोळून दाणे पाडावेत तसं. म्हणाली, "हे बाजरी." मग तळहाताची पन्हळ करून ओठाला लावली, ते पाणी. कानाशी नाही तर छातीशी हात नेला, ते ऐकणं. तो ढोल छातीनं ऐकायचा म्हणे. कमरेवर तळहात ठेवून दोनदा थोपटलं. "हे कडेवर घे. मला बी तो हेच म्हनायचा. माझं नाव हेच."

आपा, तिचे हात भराभर चालत होते. पीठ मळतानासुद्धा ते आताशा थरथरतात, पण या खुणा करताना थरथरले नाहीत. मी बसून एकेक शिकून घेतली. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला तो नकोसा झाला. रशिदा सहा वर्षांची झाली. तिच्याशी बोलायची भाषा या घरात होती, आणि तिच्या नानीनं ती गाडग्यासारखी लिंपून ठेवली.

हे पत्र महबूबभाईंना वाचून दाखव. थोडं त्यांच्याकडचं असेल, थोडं आपल्याकडचं आहे. बोलला गेलेला शब्द मागं घेता येत नाही, पण तो खोटा होता एवढं त्यांना कळू दे.

फडकं उघडलं. बहुतेक दाणे कुजले होते. थोड्यांना कोंब आलेत. अम्मापासून लपवणार होते, पण तिनं आधीच बोटांनी चाचपून पाहिलं होतं.

मृगाच्या आधी ये. रशिदाला घेऊन ये. अम्मा तसं म्हणत नाही, कोणत्या तोंडानं म्हणेल. मी म्हणते.

हमीदा

ता. २५ ऑगस्ट १९६८

आपा,

तार मिळाल्यावर महबूबभाई एकटेच आले. अम्मावर माती टाकली, भाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि आल्या पावली परत निघाले. जोडे पायात घालताना मला म्हणाले, "मेहरुननं पत्र मला बी वाचून दाखवलं. ती अजून काय बोलली न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तू का आली नाहीस हे विचारायला लिहीत नाही. अम्मानंही विचारलं नाही. तिचे शेवटचे दिवस कसे गेले ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

रोहिण्या निघाल्या त्या सुमाराला तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ती डावा हात हलवायची तर भाईला वाटायचं, माश्या हाकलतेय. मला कळायचं. पाणी दे. वाकळ काढ. पाऊस पडला का? आधी शिकून ठेवलं म्हणून कळायचं, नाहीतर ती पाणी मागत मागत गेली असती आणि आम्ही पंख्यानं वारा घालत बसलो असतो. बाजरीचं विचारायची, तेव्हा मी उगवलेल्या रोपांना हात लावून यायची आणि मातीचा हात तिच्या नाकाशी धरायची.

शेवटी शेवटी ती एकच खूण करायची. कमरेवर तळहात, दोनदा थोपटायचं, मग दाराकडं बोट. पहिल्या दिवशी मला वाटलं, स्वतःबद्दल सांगतेय, आता निघाले म्हणून. मी रडले तर तिनं चिडून मान हलवली आणि पुन्हा तेच केलं. मग कळलं. नात मागत होती, कडेवर घ्यायला. रशिदा आता कडेवर मावायची नाही, पण अम्मानं तिला पाहिलं होतं ते तेवढंच.

मी तिच्या डाव्या हातात हात देऊन, तिला चाचपता येईल अशी खूण केली, येतायत. वाटेत आहेत. मला तोंडानं खोटं कधी जमलं नाही, तूच म्हणायचीस की हमीदा खोटं बोलली की तिचे कान लाल होतात. हातानं जमलं. ती दाराकडं तोंड करून पडून राहिली, आणि सकाळी आम्ही तिला हलवलं तेव्हाही तोंड तिकडंच होतं.

तिच्या बियापोटी द्यायची भाकरी मात्र आली. मयतीच्या तिसऱ्या दिवशी शेवंताबाई आली, फडक्यात भाकरी घेऊन. बाजार करून आणलेल्या पिठाची. म्हणाली, "कोनाच्या का बियाची असंना. द्यायची ऱ्हायली व्हती." भाईला ती गिळवली नाही. मी खाल्ली.

गाडग्यातलं उरलेलं बी मी मृगात विहिरीजवळ पेरलं, थोडीच रोपं आली. त्यातली काही मेली, उरलेली आता फुलोऱ्यात आहेत. एक कुसळांचं आहे. एक बुटकं निघालं, ते मी उपटलं नाही. साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, "हमीदाबी, इतक्या थोड्या ताटांतून तुमच्या अम्मांचं सगळं शिवार परत यायचं नाही. पुष्कळ गेलं ते गेलंच. आणि भोवती हायब्रेट फुललंय, वाऱ्यानं त्याचा पराग यातही पडणार." मी म्हटलं, माहीत आहे. वाऱ्याला कोण बांध घालणार. तरी राखते आहे. पाखरं हाकलायला दिवसभर तिथंच बसते, त्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

मला मूल नाही. भाईला या खुणा नकोत, त्याला त्यांची लाज वाटते. म्हणजे इनुसमामाचं बोलणं आता माझ्या एकटीच्या हातात आहे, आणि मी त्याचं एकटीशी काय करू? तू येऊ नकोस, तुझा राग तुझ्याजवळ ठेव, तो खरा आहे. रशिदाला महबूबभाईंबरोबर पाठव. तेही नको असेल तर मी इथं लिहीन तसं तू तिच्यासमोर करून दाखव. तुझे हात अम्मासारखेच आहेत, तुला जमेल.

आधी ही शिकव. तळहात कमरेवर ठेवायचा, दोनदा थोपटायचं आणि मग तिच्याकडं बोट करायचं. समजावून सांगू नकोस, तिला कळेल. तिची नानी मरेपर्यंत तिला हाक मारत होती.

हमीदा